स्कूबा आणि कयाक : निघण्यापूर्वीचे प्रश्न

दिवाळीनंतर मालवण-तारकर्ली, गोवा, मुरुडेश्वर, अंदमानच्या सहली ठरू लागतात आणि आमच्याकडच्या पत्रांत पाण्याखालचे आणि पाण्यावरचे प्रश्न वाढतात. या वेळचं सदर त्यांच्यासाठीच. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. ज्या चुकीमुळे जिवावर बेतू शकतं तिथे सविस्तर लिहिलं आहे, बाकीचं थोडक्यात.

प्रश्न : मला पोहता येत नाही. तारकर्लीला 'पोहायला यायची गरज नाही' असं सगळेच सांगतात. खरं आहे का? – एक वाचक, सोलापूर

खरं आहे, पण अर्धं. पर्यटक ज्याला 'स्कूबा केलं' म्हणतात ती बहुतेक वेळा ओळखीपुरती डुबकी असते. एक प्रशिक्षक एकाच माणसाला धरून पाच-सहा मीटरपर्यंत नेतो, पंधरा-वीस मिनिटं फिरवतो आणि वर आणतो. तुम्ही तरंगायचं की बुडायचं हे जॅकेटातली हवा कमी-जास्त करून तोच ठरवतो, म्हणून पोहणं लागत नाही. 'ओपन वॉटर'चा पूर्ण कोर्स वेगळा. त्यात न थांबता 200 मीटर पोहावं लागतं (वेळेचं बंधन नाही), 10 मिनिटं तरंगत राहावं लागतं, समुद्रात चार डाइव्ह होतात आणि नंतर 18 मीटरपर्यंत जाता येतं.

न पोहणाऱ्याची खरी अडचण पोहण्याची नसते, चेहरा पाण्यात गेल्यावर घाबरण्याची असते. नाकाशी थोडं पाणी आलं की माणूस मास्क ओढतो, तोंडातलं रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडाशी देणारं उपकरण) थुंकतो आणि वर झेपावतो. पाच मीटरवरून असं वर झेपावणं फार वाईट. कारण पुढे येईलच. म्हणून सहलीच्या आधी दोन आठवडे गावातल्या तलावात छातीभर पाण्यात उभं राहा, डोकं पाण्यात घाला आणि तोंडाने हवा सोडत राहा. आठवड्याभरात ती धडकी कमी होते.

किनाऱ्यावर पोचल्यावर आधी उथळ पाण्यात किंवा टाकीत सराव मागा. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या स्कूबा संस्थेत सरावासाठी टाकी आहे. बोटीवरच्या चांगल्या चमूकडेही बोटीच्या शिडीला धरून सराव होतो. चार गोष्टी जमल्याशिवाय खाली जाऊ नका : फक्त तोंडाने सावकाश श्वास घेणं, रेग्युलेटर तोंडातून काढून परत घालून त्यातलं पाणी फुंकून टाकणं, मास्कमध्ये शिरलेलं पाणी काढणं आणि कानांचा दाब सोडणं. मास्कमधलं पाणी काढायला मान थोडी वर करा, मास्कची वरची कड कपाळाशी दाबा आणि नाकाने सावकाश हवा सोडा. पाणी खालच्या कडेने बाहेर जातं.

खुणांमध्ये एक घोळ हमखास होतो. अंगठा वर म्हणजे पाण्याखाली 'मस्त' नव्हे, 'वर चला'. खुशीने अंगठा दाखवला की प्रशिक्षक तुम्हाला वर घेऊन जातो आणि डुबकी संपते. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करा. अडचण असेल तर पंजा आडवा धरून हलवा आणि मग कुठे त्रास होतोय तिथे बोट दाखवा.

प्रश्न : गेल्या वर्षी तीन मीटरवरच कानात इतकी कळ आली की वर यावं लागलं. माझे कान स्कूबाला चालणारे नाहीत का? कानात तेल किंवा कापूस घातला तर? – एक वाचक, नाशिक

तुमचे कान बहुधा ठीक आहेत, तुम्ही दाब सोडायला उशीर केला असावा. हे उत्तर लांबलं आहे, कारण हौशी डुबक्यांमध्ये सगळ्यांत जास्त इजा कानाला होते आणि ती जवळजवळ नेहमी टाळता येते.

समुद्रसपाटीला हवेचा दाब एक 'वातावरण' धरला तर दर 10 मीटर खाली आणखी एक वाढतो : 10 मीटरवर दोन, 20 मीटरवर तीन. बंद जागेतली हवा 10 मीटरवर निम्मी होते. पुढच्या 10 मीटरमध्ये ती निम्म्यावरून तिसऱ्या हिश्शावर येते, म्हणजे बदल कमी होतो. सगळ्यांत झपाट्याचा बदल पृष्ठभागाजवळ असतो. म्हणून '5 मीटर म्हणजे काहीच नाही' हे बोटीवर ऐकू येणारं वाक्य कानांच्या आणि फुप्फुसांच्या बाबतीत साफ चुकीचं आहे.

पडद्यामागच्या मध्यकर्णात हवा असते आणि तिथून घशाच्या मागच्या बाजूला एक बारीक नळी उतरते. ही नळी एरवी मिटलेली असते, गिळताना आणि जांभई देताना क्षणभर उघडते. खाली जाताना आतली हवा आकसते, पडदा आत ओढला जातो आणि नळीचं तोंडही दाबलं जातं. एक-दीड मीटरपर्यंत काहीच केलं नाही तर ते तोंड इतकं घट्ट बसतं की मग कितीही फुंकलं तरी उघडत नाही. कळ आल्यावर नाक दाबणं म्हणूनच उशिराचं ठरतं.

बरोबर क्रम असा. बोटीजवळ, डोकं पाण्याबाहेर असतानाच एकदा दाब सोडा. मग दोराला धरून, पाय खाली डोकं वर असे सावकाश उतरा. उलटं डोकं खाली घालून गेलं की नळी उघडणं अवघड होतं. पहिल्या 5 मीटरमध्ये दर अर्ध्या मीटरला दाब सोडा, काही जाणवो वा न जाणवो. सोपी रीत : मास्कवरून नाकपुड्या चिमटीत धरा, तोंड मिटलेलं ठेवा आणि नाक शिंकरल्यासारखं हलकेच फुंका. कानात 'टक' झालं की पुरे. काहींना नाक दाबून आवंढा गिळल्याने, काहींना जबडा पुढे करून डावीउजवीकडे हलवल्याने जास्त पटकन जमतं. एक कान उघडला आणि दुसरा नाही, तर अडलेला कान वरच्या बाजूला येईल अशी मान कलती करा.

जोर लावून फुंकू नका. त्याने मध्यकर्ण आणि आतला कान यांच्यामधला नाजूक पडदा फाटू शकतो, आणि त्यातून येणारा बहिरेपणा किंवा चक्कर कायमची राहू शकते. कान दुखला तर थांबा, एक मीटर वर या, दाब सोडा, पुन्हा सावकाश उतरा. दोन-तीनदा करूनही नाहीच जमलं तर कानाकडे बोट दाखवून वर या. प्रशिक्षक घाई करत असेल तरी याच. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाता येतं, फाटलेला पडदा भरून यायला आठवडे जातात.

तेल नको. कापूस नको. इअरप्लग तर मुळीच नको, कारण प्लग आणि पडदा यांच्यामध्ये हवा कोंडून पडदा बाहेरच्या बाजूला ओढला जातो. सर्दी, सायनस, नाक चोंदणं असेल तर डुबकीच रद्द करा. नाकात थेंब टाकून किंवा गोळी घेऊन जाणाऱ्यांची फजिती परतीच्या वाटेवर होते : औषधाचा असर खालीच ओसरतो, नळी मिटते, वर येताना आतली फुगणारी हवा बाहेर पडू शकत नाही. खाली जाताना तुम्ही थांबू शकता. वर यायचं मात्र कधीतरी यावंच लागतं, टाकीतली हवा संपत असते.

घरी आरशासमोर दिवसातून चार-पाच वेळा नाक धरून आवंढा गिळण्याचा सराव करा. डुबकीनंतर रक्त, चक्कर, किंवा दिवसभर कान भरल्यासारखा वाटला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा आणि तोवर पाण्यात जाऊ नका.

प्रश्न : ऑक्सिजनचा सिलिंडर किती वेळ पुरतो? मध्येच संपला तर? मधून मधून श्वास रोखला तर जास्त पुरेल ना? – एक विद्यार्थी, पुणे

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी : श्वास कधीही, एका क्षणासाठीही रोखायचा नाही. स्कूबाचा पहिला नियम तोच आहे. 5 मीटरवर दाब दीड वातावरण असतो. तिथे छाती भरून घेतलेली 6 लिटर हवा पृष्ठभागावर 9 लिटर व्हायला बघते आणि फुप्फुसांत तेवढी जागा नसते. छाती पूर्ण भरलेली असताना जेमतेम सव्वा मीटर वर आलं तरी फुप्फुसाच्या पेशी फाटू शकतात आणि हवेचे बुडबुडे रक्तातून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. घाबरून वर झेपावणारा माणूस बहुधा श्वास रोखूनच झेपावतो, म्हणून ते इतकं घातक. रेग्युलेटर तोंडात नसेल तेव्हासुद्धा 'आऽऽ' करत बारीक हवा सोडत राहा. वर येण्याचा वेग मिनिटाला 9 मीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे 5 मीटरवरूनही किमान अर्धं मिनिट घ्या. 10 मीटरच्या खाली गेला असाल तर 5 मीटरवर 3 मिनिटं थांबायची रीत आहे.

आता सिलिंडर. त्यात ऑक्सिजन नसतो, गाळून सुकवलेली आपली साधी हवा असते. शुद्ध ऑक्सिजन 6 मीटरच्या खाली विषारी ठरतो, त्याने झटके येऊ शकतात. नेहमीची अॅल्युमिनियमची टाकी 11 लिटरची असते आणि 200 बार (एक बार म्हणजे जवळपास एक वातावरण) दाबाने भरतात, म्हणजे 2,200 लिटर हवा. त्यातले 50 बार, म्हणजे 550 लिटर, राखीव. उरले 1,650. निवांत माणूस पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटरच्या आसपास हवा घेतो. 10 मीटरवर दाब दुप्पट, म्हणून खर्चही दुप्पट : 40 लिटर. 1,650 भागिले 40, म्हणजे सुमारे 41 मिनिटं. नवखा माणूस धापा टाकत दीडपट हवा घेतो, त्याला 27 मिनिटंच मिळतात. हवा वाचवायचा खरा उपाय हळू हलणं आणि लांब उच्छ्वास सोडणं. हाताने पाणी कापू नका, पाय मांडीपासून हलवा.

उतरण्यापूर्वी काट्याकडे स्वतः बघा. 200 च्या आसपास हवा. मग रेग्युलेटरमधून तीन-चार श्वास घेताना काटा बघत राहा. काटा प्रत्येक श्वासाला खाली-वर होत असेल तर टाकीची चावी पूर्ण उघडलेली नाही. हे वर असताना श्वासावरून कळत नाही, हवा नीट येते, आणि खाली दाब वाढला की अपुरी पडते. हवेला तेलाचा किंवा धुराचा वास असेल तर ती टाकी घेऊ नका. कॉम्प्रेसरची हवा ओढणारी नळी इंजिनाच्या धुराजवळ असली की टाकीत कार्बन मोनॉक्साइड जातो.

प्रश्न : आम्ही दोघं तारकर्लीला चार दिवसांचा कोर्स करणार आहोत. शेवटची डाइव्ह रविवारी दुपारी आणि संध्याकाळी गाडीने कोल्हापूरला परत. बरोबरचा मित्र सोमवारी सकाळी मोपाहून दुबईला जाणार. हे चालेल का? – एक वाचक, कोल्हापूर

दोन्ही बेत बदला.

पाण्याखाली दाबामुळे श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत विरघळतो. वर आल्यावर तो काही तास हळूहळू निघत राहतो. तेवढ्यात हवेचा दाब आणखी कमी झाला तर त्याचे बुडबुडे होतात, सोड्याच्या बाटलीचं झाकण पटकन उघडल्यासारखे. सांधे दुखणं, मुंग्या, अंगावर चट्टे, विलक्षण थकवा, आणि वाईट प्रसंगी पाय लुळे पडणं ही त्याची लक्षणं.

विमानाबद्दल 'डायव्हर्स अलर्ट नेटवर्क'चा सल्ला असा : एकच साधी डाइव्ह केली असेल तर किमान 12 तास, अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस केल्या असतील तर किमान 18 तास थांबा. आम्ही 24 तास मोकळे ठेवा असंच सांगतो. तुमच्या मित्राने शेवटची डाइव्ह शनिवारी करावी, किंवा विमान सोमवारी रात्रीचं घ्यावं.

घाटाचा विचार मात्र फारसा कोणी करत नाही. तो सल्ला सुमारे 600 मीटरपासूनच्या उंचीला लागू आहे. आंबोली सुमारे 690 मीटरवर आहे. फोंडा किंवा गगनबावड्याने गेलात तरी सह्याद्री चढावाच लागतो, आणि खुद्द कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. पाच-सहा मीटरवरच्या एका हौशी डुबकीनंतर अंगात फार नायट्रोजन नसतो, तिथे 12 तासांचा तोच नियम पाळला की झालं. कोर्समधल्या 12 ते 18 मीटरच्या लागोपाठ डाइव्हनंतर त्याच संध्याकाळी घाट चढू नका. रविवारची रात्र किनाऱ्यावर काढा आणि सोमवारी दुपारी निघा. मुंबईकडे महामार्गाने खालून जाणाऱ्यांना ही अडचण येत नाही.

डुबकीनंतर दिवसभरात वरची लक्षणं दिसली तर माणसाला आडवं झोपवा, शक्य तितका शुद्ध ऑक्सिजन द्या आणि थेट डॉक्टर गाठा. पुन्हा पाण्यात नेऊन बरं करायला जाऊ नका. यावर उपचार करणारे दाबकक्ष देशात मोजक्याच ठिकाणी आहेत. म्हणून कोर्स ठरवतानाच विचारून ठेवा : बोटीवर ऑक्सिजन आहे का, आणि गरज पडली तर रुग्णाला कुठे नेता?

प्रश्न : वडील 58 वर्षांचे आहेत, रक्तदाबाची गोळी चालू आहे. मला लहानपणी दमा होता. फॉर्मवर सगळीकडे 'नाही' लिहिलं तर काय बिघडतं? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

बिघडतं ते तुमचंच. तो फॉर्म एजन्सीच्या सोयीसाठी नाही. दमा असलेल्या माणसाच्या अरुंद श्वासनळ्यांत वर येताना हवा अडकते, आणि अडकलेली हवा फुगली की काय होतं ते वर लिहिलं आहे. पाण्यात बुडाल्यावर हातापायांतलं रक्त छातीकडे ढकललं जातं आणि हृदयावरचा भार वाढतो, म्हणून रक्तदाब आणि हृदयविकाराचे प्रश्न. गर्भारपणात स्कूबा नाही. फुप्फुस आपोआप फुटल्याचा इतिहास असेल तर कधीच नाही. फिट्स, इन्शुलिन, कानाची किंवा छातीची शस्त्रक्रिया : आधी डॉक्टर.

वडिलांचा रक्तदाब आटोक्यात असेल तर डॉक्टरांचं लेखी पत्र आणून त्यांना उथळ डुबकी करता येऊ शकते. ती दोन आठवडे आधी ठरवायची गोष्ट आहे, बोटीवर नव्हे. तुम्हाला शेवटचा त्रास कधी झाला, पंप वापरता का, हे सांगून फुप्फुसांची तपासणी करून घ्या.

प्रश्न : चष्मा आहे आणि मिशाही. मास्कचं काय? – एक वाचक, सांगली

सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स चालतात, पाणी काढताना डोळे मिटा. नंबर बराच असेल तर नंबरच्या काचेचा मास्क मिळतो. साधारण दोन-अडीचपर्यंतच्या नंबरवाल्यांचं विनाचष्म्याचंही भागतं, कारण पाण्याखाली वस्तू जवळ आणि एक तृतीयांश मोठ्या दिसतात. मिशीतून पाणी झिरपतं. नाकाखालची अर्धा सेंटिमीटर पट्टी साफ केली की मास्कची कड कातडीवर बसते. तेही नको असेल तर सिलिकोन ग्रीस लावा. व्हॅसलीन लावू नका, त्याने मास्कचं रबर खराब होतं. काच धुरकट होऊ नये म्हणून उतरण्यापूर्वी आतून थुंकी किंवा बेबी शाम्पूचा थेंब चोळून समुद्राच्या पाण्यात एकदा खळबळा.

प्रश्न : व्हिडिओत निळंशार पाणी दिसतं, आम्हाला मालवणात हिरवट गढूळ पाणी मिळालं. फसवलं का? – एक वाचक, ठाणे

बहुधा दिवस चुकला. मालवणच्या उथळ खडकाळ किनाऱ्याला खाड्यांचा गाळ येतो. साधारण 3 ते 8 मीटरपर्यंत दिसलं तर तो चांगला दिवस समजतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तळाची वाळू ढवळते, सप्तमी-अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीला, पाणी तुलनेने निवळ असतं. वारा पडलेली सकाळ निवडा. पावसाळ्यात मेअखेर ते ऑगस्टअखेर जलक्रीडा बंदच असतात, आणि सप्टेंबरमध्ये नद्यांचं पाणी अजून मातकट असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ आम्हाला सगळ्यांत भरवशाचा वाटतो.

स्वच्छ पाणीच हवं असेल तर किनाऱ्यापासून दूर जा. मुरुडेश्वरपासून सुमारे 19 किलोमीटर आत असलेलं नेत्राणी बेट मालवणपेक्षा पुष्कळ निवळ. अंदमानातलं स्वराज द्वीप त्याहून निवळ, तिथे 20 मीटरपर्यंत दिसणंही नवलाचं नाही. गोव्याच्या ग्रँड बेटाजवळ बुडालेल्या जहाजाचे अवशेष बघायला मिळतात. पाणी मात्र मालवणसारखंच लहरी.

आणि रंग : पाणी लाल रंग सगळ्यांत आधी गिळतं. पाच मीटरवर लाल मासा तपकिरी दिसतो. व्हिडिओतले रंग लाल फिल्टरचे किंवा टॉर्चचे असतात.

प्रश्न : देवबागच्या खाडीत स्वतः कयाक चालवायची आहे. कयाक आणि कनू एकच का? कधी निघावं, कुठे जाऊ नये? – एक वाचक, पनवेल

एकच नव्हेत. कयाकमध्ये पाय पुढे पसरून बसतात आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं वापरतात. कनूमध्ये गुडघ्यांवर किंवा उंच बाकावर बसून एकाच पात्याचं वल्हं मारतात. आपल्या किनाऱ्यावर भाड्याने मिळते ती जवळपास नेहमी प्लॅस्टिकची, वरून उघडी कयाक. नवख्यासाठी तीच चांगली : तिच्यात पाणी साचत नाही, भोकांतून निघून जातं.

खाडीत तुमच्या दंडांपेक्षा भरती-ओहोटी मोठी. नवखा माणूस ताशी 3-4 किलोमीटर वल्हवतो. उधाणाच्या ओहोटीत कर्ली नदीच्या मुखाशी पाणी जवळपास तेवढ्याच वेगाने समुद्राकडे धावू शकतं, म्हणजे तुम्ही जिवाच्या आकांताने वल्हवाल आणि जागेवरच राहाल. पाण्याचा वेग सहा तासांत सारखा नसतो. एकूण चढउताराचे बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन आणि एक. मधल्या दोन तासांतच अर्धं पाणी हलतं.

वेळ काढायची कोकणातली जुनी रीत : तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला 3, अष्टमीला 6, एकादशीला सव्वाआठ. हीच वेळ सकाळी आणि साधारण तशीच रात्री. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि खाडीत आत जाल तशी भरती उशिरा पोचते, म्हणून भरतीचं वेळापत्रकही बघा. या हिशेबाने आम्ही दशमी ते द्वादशी सुचवतो. तेव्हा ना पूर्ण उधाण असतं ना भांग, आणि भरती सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान भरते.

एकादशीचा बेत असा होईल : पावणेसातला निघा आणि भरतीबरोबर खाडीत वर, खारफुटीच्या कडेकडेने जा. सव्वाआठ-साडेआठला पाणी थांबल्यासारखं होतं, तिथे वळा. ओहोटीचा जोर यायच्या आत, साडेनऊपर्यंत परत. दुपार टाळण्याचं दुसरं कारण वारा. सकाळी जमिनीकडून येणारा मतलई वारा मंद असतो. अकरा-बारानंतर समुद्राकडून खारे वारे सुटतात, आणि मार्च ते मे महिन्यांत ते इतके जोरात असतात की हलकी कयाक आडवी फिरते. उघड्या किनाऱ्यावर कयाक घेऊन गेलात तर सकाळचा मतलई वाराच धोक्याचा : किनाऱ्याशी जाणवत नाही आणि समुद्रात ढकलत नेतो.

संगमाच्या बाजूला, खाडीच्या मुखाकडे जाऊ नका. तिथे वाळूच्या दांड्यावर लाट फुटते, ओहोटी बाहेर ओढते, शिवाय स्पीडबोटी आणि जेटस्की सुसाट असतात. उतरण्याची जागा मुखापासून बरीच आत निवडा, म्हणजे ओहोटीत जास्त वाहून गेलात तरी मध्ये काठ गाठायला अंतर उरतं.

वल्हं मारताना दंडाने ओढू नका, अर्ध्या तासात खांदे भरून येतात. कमरेपासून धड वळवा, पातं पायाच्या बोटांशी पाण्यात घाला, कमरेशी आलं की बाहेर काढा. वळायचं असेल तर पातं कयाकपासून लांब, मोठ्या अर्धवर्तुळात फिरवा.

प्रश्न : उलटली तर? – वरच्याच पत्रातून

आधी कयाक धरा, मग वल्हं. पोहत किनाऱ्याकडे निघू नका. पालथी कयाक तरंगते आणि दुरूनही दिसते, पाण्यात पोहणारं डोकं दिसत नाही. मधोमध या, पलीकडची कड पकडून स्वतःकडे ओढा, ती सुलटी होते. मग दोन्ही हात आसनावर टेकवा, पाय मागे पसरून जोरात मारा म्हणजे अंग पाण्याला समांतर येईल, आणि छाती कयाकवर ओढा. आता पोटावर पडलेले असाल. कुशीवर वळून पार्श्वभाग आसनात ठेवा, मग पाय आत. बहुतेकांचं चुकतं ते इथे : अंग उभं ठेवून वर चढायला जातात आणि कयाक पुन्हा अंगावर उलटते. निघण्यापूर्वी काठाजवळ छातीभर पाण्यात हे दोनदा करून बघा.

लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे आवळल्यावर कोणालातरी खांद्यांवरून वर ओढायला सांगा. ते हनुवटीपर्यंत सरकलं तर सैल आहे. मुलांना मोठ्यांचं जॅकेट घालू नका, त्यातून मूल खाली निसटतं. त्यांना वजनानुसार, पायांमधून पट्टा असलेलं द्या. शिट्टी जॅकेटला बांधा, आणि स्वतःला दोरीने कयाकला कधी बांधू नका.

प्रश्न : बोटवाले मासे जमवायला पाव-बिस्किटं देतात. घ्यावीत का? – एक शिक्षिका, रत्नागिरी

घेऊ नका. खडकावरचं शेवाळ खाऊन प्रवाळाला जागा मोकळी ठेवणारे मासे पावाच्या नादी लागले की ते काम मागे पडतं, आणि आक्रमक मासेच त्या जागी गोळा होतात. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतालचा सुमारे 29 चौरस किलोमीटरचा भाग 1987 पासून मालवण सागरी अभयारण्य आहे. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, मेलेला तुकडासुद्धा घरी आणायचा नाही. प्रवाळावर उभं राहू नका, त्याला धरूही नका, वर्षाला काही मिलिमीटरपासून काही सेंटिमीटर एवढीच त्याची वाढ. अंगाला सनस्क्रीन थापण्याऐवजी पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घाला. कशालाच हात न लावण्यात तुमचाही फायदा आहे : लायनफिश आणि खडकासारखा दिसणारा दगडमासा यांचे काटे विषारी असतात. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम, सुमारे 45 अंशांच्या पाण्यात अर्धा ते दीड तास तो भाग बुडवून ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. पाण्याची ऊब आधी दुसऱ्या, न दुखावलेल्या हाताने तपासा.

प्रश्न : गोव्यात कुंभारजुवेच्या कालव्यात कयाक नेता येईल का? – एक वाचक, बेळगाव

तिथे मगरी आहेत. मोठ्या बोटीतून, माहितगाराबरोबर बघा. पाण्याच्या पातळीवर बसायच्या उघड्या कयाकने नको. चिपळूणजवळच्या वाशिष्ठीच्या पात्रातही हेच लागू.